सुपाच्या काठावरची धार

शकीला,

परवा तुझा चाळिसावा झाला. माणसं आली, जेवली, दुवा मागून गेली. तुझ्या हातची मापं कुणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे भात उरला आणि सालन कमी पडलं. तू असतीस तर यावरून मला आठवडाभर ऐकावं लागलं असतं. आता ऐकवायला कुणी नाही, हे मला पातेलं घासताना कळलं. तोवर माणसांच्या गर्दीत दिवस निघत होते.

आपण घरात आपल्या मुसलमानी हिंदीत बोलायचो, पण भांडण निघालं की तू वऱ्हाडीवर यायचीस. तुझं माहेर झरीकडच्या जंगलातलं, आजूबाजूला सगळे कुणबी आणि कोलाम, तेव्हा तुझा राग त्यांच्याच बोलीत शिकलेला. मी सातवीपर्यंत मराठी शाळेत गेलो, म्हणून लिहायला हात मराठीतच चालतो. तुला वाचता येत नव्हतं. तू असताना हे लिहिलं असतं तर कुणाला तरी वाचून दाखवायला सांगावं लागलं असतं, आणि जे तुला एकटीला सांगायचं ते अख्ख्या मोहल्ल्यानं ऐकलं असतं. ही झाली माझी सबब. अशा सबबी माझ्याकडे पुष्कळ आहेत आणि तुला त्या दुरून ओळखू यायच्या.

एक गोष्ट सांगायची राहिली आहे, आपल्या अनीसबद्दल. पण मी मिस्त्री माणूस, पंप खोलताना एकदम मुख्य नट-बोल्टाला हात घालत नाही. आधी बाजूचं थोडं सैल करू दे.

तुझं सूप अजून त्याच खिळ्याला आहे. त्याच्या काठाला मी गुंडाळलेली तांब्याची तारही तशीच आहे. बुरडाकडून आणलेल्या सुपाचा काठ सुटायला लागला, म्हणून मी जळलेल्या मोटारीची तार काढून तो पक्का करून दिला. वाटलं, तू खूश होशील. तू सूप हातात घेतलंस, दोनदा वर-खाली केलंस आणि म्हणालीस, "जड झालं. तार काढा." मी म्हणालो, जड नाही, मजबूत झालं. "मले काय त्यात गोटे पाखडायचे हायेत?" हे भांडण तेव्हापासून चालू राहिलं. तू कुठूनही दमून आलीस, मी विचारलं की जेवतेस का, तर उत्तर यायचं, "तार काढली काय?" मी काढत नव्हतो. माझ्या हातचं काम कुणी उसवायला सांगितलं की मला राग येतो, हे तुला माहीत होतं आणि म्हणूनच तू सांगायचीस.

त्या सुपाची गावोगाव थट्टा व्हायची. दाईचं सूप म्हणजे पाचवीच्या पूजेचं, असं लोकांना वाटायचं. तुझं वेगळंच होतं. मुलगा झाला की तू बाळंतिणीचं सगळं आटोपायचीस, हात धुवायचीस, पण चहा घ्यायची नाहीस. पोराला उघडं करून सुपात निजवायचीस आणि तेही उलटं, डोकं सुपाच्या मोकळ्या तोंडाकडे आणि पाय उंच काठाकडे. मग बसून राहायचीस. पोर मुतलं आणि धार त्या चार बोटं उंच काठावरून पलीकडे गेली, की तू अल्लाचं नाव घेऊन चहा मागायचीस. धार काठाच्या आतच पडली किंवा नुसती मांडीवरून ओघळली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचीस, चालत. मुलगी असेल तर सूप भिंतीलाच टेकलेलं राहायचं, तू फक्त बेंबीखाली दोन बोटांनी चाचपून पाहायचीस.

उपकेंद्राच्या कुंदा सिस्टर तुला चिडवायच्या. एकदा आपल्या ओट्यावर बसून म्हणाल्या, "शकीलाबी, लघवी झाली का नाही एवढंच पाहा ना. कपडा ओला हाय म्हंजे झाली." तू लगेच म्हणालीस, "कपडा तं थेंबानंबी ओला होते, सिस्टर. मले धार पाह्यची हाय." त्या हसल्या. मी आत पंपाचा दांडा कापत होतो. करवत थांबली, तेव्हा तू आत वळून पाहिलंस. मी पुन्हा कापायला लागलो.

हे धार पाहायचं वेड कुठून आलं ते फक्त आपल्या दोघांना ठाऊक होतं. तुला अर्धं आणि मला पूर्ण.

अनीस झाला ते अमेरिकन अळीचं वर्ष. कापसाची ती सगळीच वर्षं वाईट गेली, पण त्या वर्षी लोक आठवड्यातून दोनदा फवारायचे आणि अळी मरायची नाही. शेतातली माणसं हवालदिल झाली होती आणि माझं फवारणी पंपाचं दुकान सकाळपासून भरलेलं असायचं. हे सांगायला चांगलं वाटत नाही, पण खरं आहे. दुकानात जागा पुरेना म्हणून मी घराच्या अंगणातही पंप उघडून बसायचो. पंप दुरुस्त झाला की त्यात साधं पाणी भरून समोरच्या भिंतीवर मारायचो. फवारा कुठवर पोचतो, कसा फुटतो, यावरून मी सांगायचो की वायसर गेला, नोझल चोंदलं की आतला व्हॉल्व्ह अडकला. लोक म्हणायचे, रशीद मिस्त्रीला नुसता फवारा दाखवा, पंप खोलायची गरज नाही. मला या बोलण्याची मिजास होती.

त्याच अंगणात सकाळच्या उन्हात माझी अम्मी अनीसला पायांवर घेऊन तेल लावायची. त्या दिवशी तू मोरीपाशी लंगोट धूत होतीस, पाठ आमच्याकडे. अनीस वीस-बावीस दिवसांचा असेल. मी तीन-चार हातांवर बसून सुईनं एक नोझल साफ करत होतो. पोराचं तोंड एकदम लाल झालं. पाय पोटाशी घेतले, कुंथला आणि मुतला. धार नव्हती. थेंब, थेंब, मग थांबलं, मग पुन्हा कुंथून दोन थेंब, मांडीवरून ओघळ. मी हातातलं काम थांबवून पाहिलं. पुरतं पाहिलं, शकीला. माझ्या मनात जो पहिला विचार आला तो मला अजून शब्दाला शब्द आठवतो. दाब आहे, वाट बंद आहे. पंप असता तर मी तिथल्या तिथे खोलला असता.

मी काही बोललो नाही. अम्मी त्याच वेळी कौतुकानं म्हणत होती, "बीस लंगोट लगते दिन के, माशाअल्लाह. भरा हुआ बच्चा है." सगळेच तसं म्हणायचे. लंगोट जास्त म्हणजे पोर चांगलं, दूध अंगी लागतंय. तान्ह्या पोराच्या अंगाबद्दल बापानं बायकांत तोंड घालायचं नसतं, ही आपल्याकडची रीत. आणि बाहेर चार गिऱ्हाइकं उभी होती.

दुपारी दुकानात मात्र मी बोललो. एका गिऱ्हाइकाला म्हणालो, "आमच्या बाबूचं नोझल चोंदलं." तो हसला, मीही हसलो. तुला सांगितलं नाही. त्याला सांगितलं, आणि तेही हसण्यासाठी. तो माणूस कोण होता ते आता आठवत नाही, पण त्याचा पंप निळा होता.

पुढे अनीस दूध टाकू लागला. अंग धरेना. पोट तेवढं फुगलेलं आणि हातपाय काड्या. लंगोट मात्र तसेच वीस. अडीच महिन्यांचा असताना त्याला ताप भरला तेव्हा आपण मारेगावच्या डॉक्टरांकडे गेलो. आत तू गेलीस, मी बाहेर जीपवाल्यापाशी उभा होतो. डॉक्टरांनी त्याच्या बेंबीखाली हात ठेवून तुला विचारलं, लघवीची धार कशी आहे. तू म्हणालीस, लंगोट सदा ओलाच राहतो. ते म्हणाले, ओला लंगोट म्हणजे धार नव्हे बाई, याची लघवी अडली आहे, आत्ताच्या आत्ता यवतमाळला न्या. आपण निघालो. यवतमाळ यायच्या आधीच तो तुझ्या मांडीवर गेला.

जीप वळवली. तू रडत नव्हतीस. खिडकीतून ऊन येत होतं म्हणून त्याच्या तोंडावर ओढणी धरून बसली होतीस. डॉक्टर काय म्हणाले ते तू मला तेव्हा सांगितलंस. मग विचारलंस, आणि वऱ्हाडीत विचारलंस, भांडण नव्हतं तरी. "तुमी कधी त्याची धार पाह्यली होती काय?"

मी म्हणालो, "नाई. मी कायले पाहीन?"

"मीबी नाई पाह्यली," तू म्हणालीस. "लंगोट बदलत राह्यली नुसती. मायनं पाह्याले पायजे होती."

हा तो मुख्य नट. मी तो त्या जीपमध्येच इतका आवळून टाकला की पुढे मला स्वतःलाही सुटेना.

घरी आल्यावर अम्मीनं दुसरंच काढलं. तू पोटुशी असताना ग्रहणात वांगं चिरलं होतंस म्हणे. मोहल्ल्यातल्या बायकांनी माना डोलावल्या. तू ते मानलं नाहीस, पण उलटून बोललीही नाहीस. तुझ्या मनात तुझा गुन्हा वेगळा होता, तू धार पाहिली नव्हतीस. मी एका वाक्यात तुझ्यावरची दोन्ही ओझी उतरवू शकलो असतो. बापानं पाहिलं होतं आणि तो गप्प बसला, एवढंच म्हणायचं होतं. मग सगळी तोंडं माझ्याकडे वळली असती, आणि तुझंही. बाकीच्यांचं मला काही नव्हतं. तुझ्या तोंडाला भ्यालो मी. मला याची लाज वाटते, आजही.

पुढे आपल्याला मूल झालं नाही. तू तुझ्या खालाच्या मागे फिरून दाईचं काम शिकायला लागलीस. अम्मी म्हणाली, जिचं स्वतःचं जगलं नाही ती दुसऱ्याचं काय वाचवणार. तू बुरडाकडे गेलीस आणि सूप घेऊन आलीस.

तुला वाटायचं की मला तुझं बाहेर राहणं आवडत नाही. मी तसं बोलायचोही. चूल थंड पडते, लोक काय म्हणतील, पाय दुखतात तुझे. खरं वेगळं होतं. तू सूप काखेत मारून निघालीस की मला कळायचं, तू माझ्या पोराची धार बघायला चालली आहेस, रोज, वेगवेगळ्या घरांत, आणि मी ती आधीच पाहून बसलो आहे. मी घरात एकटा बसून तुझी वाट पाहायचो. आताही बसतो. फरक इतकाच की तेव्हा फाटकाची कडी वाजायची.

मग कौसल्याबाईंच्या नातवाचं झालं. आपल्या मुकुटबनपासून दोन कोसांवरचं त्यांचं गाव, कापूस-तुरीचं घर, माणसं शब्दाला पक्की पण हट्टी. त्यांच्या थोरल्या सुनेला मुलगा झाला. पहिल्या दिवशी धार दिसली नाही. सिस्टर म्हणाल्या, एखाद्याला वेळ लागतो, थांबून पाहू. तेही खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मांडीवर ओघळ. तिसऱ्या दिवशी तुझ्या बोटांना बेंबीखाली लिंबाएवढं काही तरी टणक लागलं. तू सांगितलंस, याला दवाखान्यात न्या. कौसल्याबाई म्हणाल्या, "कायले? वीस लंगोट लागून राह्यले दिवसाचे. माहा नातू बादशहा हाय." तू घरी येऊन सूपही खिळ्याला न लावता मला हे सांगितलंस. "वीस," तू म्हणालीस. "वीसच म्हने ते."

पाचव्या दिवशी पाचवी होती. पूजा झाली, दाईची ओटी भरायची वेळ आली. सुपात ज्वारी, त्यावर खण आणि नारळ. दाईनं ती ओटी घेतल्याशिवाय पाचवी पुरी होत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि तुलाही. तू ज्वारी परत त्यांच्या टोपल्यात ओतलीस, सूप उंबऱ्यावर पालथं घातलंस आणि त्याच्या शेजारी बसलीस. अख्खं घर चरकलं. पाचवीच्या दिवशी दारात पालथं सूप आणि ओटी न घेता बसलेली दाई. कौसल्याबाई रागानं लाल झाल्या होत्या, असं तूच सांगितलंस.

"अवो शकीलाबी, असं काहून करता? लेकराले अपशकुन होते."

"धार दाखवा. घेते ओटी."

तुला शिव्या बसल्या. आपल्या जातीवरूनही एकजण बोलला. तू उठली नाहीस. शेवटी त्यांनी सिस्टरना बोलावणं पाठवलं, तुला समजावून उठवायला. सिस्टर आल्या, त्यांनी पोराच्या पोटावर हात ठेवला, कपडा सोडून जरा वेळ बघत राहिल्या आणि कौसल्याबाईंना म्हणाल्या, जीप बोलवा. हसणाऱ्या सिस्टरनी तिथं आपलाच हेका धरला नाही, याबद्दल मी त्यांना मानतो. जीप मीच घेऊन आलो. तीच वाट होती. मारेगाव मागे पडलं तेव्हा तू खिडकीकडे तोंड करून बसलीस आणि मीही दुसऱ्या खिडकीकडे.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पोराला बारीक नळी घातली आणि किती तरी लघवी निघाली. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी आपल्या सगळ्यांना बोलावून कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीच्या वाटेत जन्मापासूनच एक पातळ पडदा आहे. खालून नळी घातली तर तो बाजूला होतो आणि नळी सरकते. पण वरून लघवी आली की तोच पडदा फुगून वाट अडवतो. पिशवी जोर लावून लावून जाड होते, दाब उलटा मागे जातो आणि मूत्रपिंडं खराब होतात. थेंब थेंब गळत राहतं, म्हणून कपडा ओला दिसतो आणि घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे.

माझ्या तोंडून निघून गेलं, "म्हंजे व्हॉल्व्ह उलटा बसला."

बाई हसल्या. "अगदी बरोबर, मिस्त्री. तो पडदा आम्ही दुर्बिणीनं कापू. पण पुढं कित्येक वर्षं याला तपासायला आणावं लागेल, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवायला. लवकर आणलात, हे चांगलं केलं. कुणाच्या लक्षात आलं?"

कौसल्याबाईंनी तुझ्याकडे बोट दाखवलं. तू माझ्याकडे पाहत होतीस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं माझं, वाटलं, तुला कळलं. आपण बाहेर नळापाशी आलो. तू चूळ भरलीस आणि म्हणालीस, "तुमाले केवढं लवकर समजते. तवा तुमी पाह्यलं असतं तं."

"हो," मी म्हणालो. "तवा पाह्यलं असतं तं."

तुझेच शब्द उचलून मी तुला दुसऱ्यांदा फसवलं. तू मान हलवलीस, ओढणीनं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, नसीब. मग त्या दिवशीचा पहिला चहा आपण दवाखान्यासमोरच्या टपरीवर घेतला. तू दोन कप प्यालीस. इतकी मोकळी तू मला किती तरी वर्षांत दिसली नव्हतीस, आणि मी तुझ्या शेजारी बसून इतका एकटा होतो की माझा कप तसाच राहिला. तोही तूच संपवलास.

ते पोर जगलं. शाळेत जातं, वर्षातून दोनदा तपासायला जातं, आणि रस्त्यात मला बघितलं की बॉल मागे लपवतं, कारण त्यानं एकदा माझ्या दुकानाची काच फोडली आहे. तुझं मात्र नाव झालं. पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली, तुझं काम गेलं. तू म्हणालीस, चांगलंच झालं, बायका कमी मरतील. पण पोर घरी आलं की लोक तुला बोलवायचेच, नुसतं सूप घेऊन.

तुला सांगायचे मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. एकदा ईदच्या दुपारी तू झोपली नव्हतीस, मी बोलायला तोंड उघडलं, तर तू म्हणालीस, "तार काढनार हाय काय, ते सांगा." मी चिडून उठून गेलो. खरं म्हणजे सुटलो म्हणून उठून गेलो. शेवटच्या आठवड्यात तू अंथरुणावर होतीस. मी जवळ बसलो होतो. बोलायचं तर आताच, हे मला कळत होतं. तू डोळे उघडून खिळ्याकडे पाहिलंस आणि हळू म्हणालीस, "काढा न जी." मी म्हणालो, काढतो. एवढंच बोलणं झालं आपलं. तार काढली नाही आणि दुसरंही बोललो नाही. बैल गेला आणि झोपा केला, तसं हे आता कागदावर लिहीत बसलो आहे.

आज सकाळी ऑटो थांबला. कौसल्याबाई उतरल्या, मागे त्यांची धाकटी सून, कुशीत पोर. दवाखान्यातून परवाच घरी आणलेलं.

"मिस्त्री, सूप कुठी हाय?"

"ती नाई ना आता, बाई."

"मले मालूम हाय ती नाई. परवा आलतीच मी. सूप तं हाय ना?"

"आन् पाह्यनार कोन?"

"तुमी. साऱ्या तालुक्याचे पंप पाह्यता तुमी. एका लेकराची धार नाई दिसनार तुमाले?"

त्या काय बोलून गेल्या ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी आत जाऊन सूप खिळ्यावरून काढलं, पुसलं, त्यावर तुझी जुनी ओढणी घडी करून टाकली. पोराला उलटं ठेवलं, तू ठेवायचीस तसं. त्याची आई जरा संकोचली, पुरुष माणूस म्हणून. कौसल्याबाई म्हणाल्या, "मिस्त्री बापासारखे हायेत." त्यांनी आपल्याच चुलीवर चहा केला आणि माझ्याजवळ ठेवला. मी घेतला नाही.

तू हे कसं करायचीस, शकीला? अर्धा तास गेला. पोर झोपतं, ओठ हलवतं, शिंकतं, आणि पाहणाऱ्याचा जीव टांगणीला. तुझी किती वर्षं अशी गेली, दुसऱ्यांच्या अंगणात, चहा थंड होऊ देत. मी तुला चालू नको, थकू नको म्हणायचो, पण एकदाही तुझ्याबरोबर येऊन बसलो नाही.

मग त्याचं तोंड लाल झालं. पाय पोटाशी आले. क्षणभर मला कळेना की मी कुठल्या अंगणात आहे. आणि धार आली. सरळ, न तुटता, तारेच्या वरून पलीकडे, माझ्या गुडघ्यावर. मी ती संपेपर्यंत पाहिली. मग दोन बोटं बेंबीखाली ठेवली. मऊ होतं.

"पाह्यली?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"पाह्यली," मी म्हणालो. मग पुन्हा एकदा सांगितलं.

त्यांनी पोराला उचलून सुपात ज्वारी घातली, तुझी ओटी म्हणून, आणि गेल्या. मी थंड चहा प्यालो. पायजमा बदलला नाही. मग पक्कड घेतली आणि ज्वारी डब्यात रिकामी करून सुपाची तार काढली. काठ थोडा सुटला, पण सूप उचलून पाहिलं तर खरंच हलकं झालं होतं. तुझं बरोबर होतं.

तू जीपमध्ये मला एक विचारलं होतंस. त्याचं उत्तर देतो. तुझ्याच बोलीत देतो, म्हणजे पोचेल.

पाह्यली होती, शकीला. मायनं नाई, बापानं पाह्यली होती.